कविवर्य रचनामग्न आहेत

स्कीरा नगरीत शर्यत जिंकण्यासाठी धावावं लागत नसे. हा नियम एकट्या स्कीराचा नव्हता, साऱ्या ग्रीक मुलखाचा होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घोड्यांच्या शर्यतीत जिंकतो तो घोड्याचा मालक. घोडा धावतो, स्वार चाबूक मारतो, दोघांच्या नाकातोंडात धूळ जाते, आणि पंच विजेता म्हणून ज्याचं नाव पुकारतात तो गृहस्थ त्या वेळी चार डोंगरांपलीकडे आपल्या घरी पोट शेकत पडलेला असू शकतो. या खेपेला तो पोलिक्सेनोस होता. नेमेआच्या मैदानात त्याची घोडी पहिली आली तेव्हा तो आदल्या दिवशी खाल्लेल्या वाम माशाची फळं भोगत होता.

त्याच्या या पराक्रमावर विजयगीत रचण्याचं काम फिलिन्नाच्या वडिलांकडे आलं होतं. आर्खियास हा स्कीराचा एकमेव कवी. गावात दुसरा कवी नसल्यामुळे तो सर्वश्रेष्ठ होता, आणि दुसरा नसल्यामुळेच गावाला तो जेमतेम वाटायचा.

त्या दिवशी सकाळी बापलेक नेहमीप्रमाणे अंगणात होते. नवरा गेल्यावर फिलिन्ना माहेरी परतली होती, तेव्हापासून त्यांचा दिवस असाच सुरू व्हायचा. ती अंजिराच्या झाडाखाली पावटे सोलत बसायची, आणि आर्खियास काठी आपटत झाडाभोवती फेऱ्या घालायचा. काठीच्या ठेक्यावर ओळ यायची. आली की तो थांबायचा, ती मोठ्याने म्हणायचा आणि पोरीकडे बघायचा.

"कसं झालंय?"

"तिसऱ्या कडव्यात घोडी लंगडते," फिलिन्ना पावट्यांवरची नजर न काढता म्हणाली.

"कुठे लंगडते?"

"वळणावर. एक पाय कमी पडतोय."

आर्खियासने पुन्हा फेरी घातली, पुन्हा म्हणून पाहिलं, बोटांवर मात्रा मोजल्या. ओळीचे पाय पुरेसे होते. फिलिन्नालाही ते ठाऊक होतं. पण हा खेळ इतक्या वर्षांचा होता की तो मोडायचं दोघांपैकी कुणाच्या मनात येत नसे. तो विचारणार, ती खोड काढणार, तो तिला शेजारच्या गावातल्या टीकाकारांची नावं देणार, आणि मग दोघं जेवायला बसणार. खोड काढायला काही सापडलंच नाही तर ती म्हणायची, "ऐकलं."

गीताची खरी अडचण पायांची नव्हतीच. नगरसभेची एक विजयस्वागत समिती होती, आणि विजयगीतात काय असावं याचे तिने नियम घालून दिले होते. विजेत्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, नगरीचं नाव, पूर्वजांत किमान एक देव, देवांच्या मत्सराबद्दल एक सुविचार, आणि आपले शब्द अपुरे पडत आहेत अशी कवीची कबुली. यांतला देव सर्वांत अवघड. गावातल्या सगळ्या बड्या घराण्यांनी आपापले देव आधीच घेऊन टाकले होते. पोलिक्सेनोसचा आजा खारवलेले मासे विकायचा. आर्खियासने आठवडाभर डोकं खाजवून त्याला समुद्रदेवाचा वंशज केलं. "मीठ लावलेला का होईना," तो फिलिन्नाला म्हणाला, "मासा समुद्रातलाच."

त्याहून मोठी अडचण म्हणजे शर्यतीत प्रत्यक्ष काय घडलं. दुसऱ्या वळणावर स्वार पडला होता. घोडी मागे न बघता एकटीच धावत राहिली, खुणेचा खांब तिने स्वतःच वळसा घालून पार केला, आणि शेवटच्या फेरीची तुतारी ऐकून वेगही वाढवला. शेवटी पंचांपुढे जाऊन ती आपणहून उभी राहिली. तिचं नाव थिएल्ला, म्हणजे वादळ. आर्खियासला ते नाव गीतात हवं होतं. समितीने कळवलं की घोडी ही स्कीराची नागरिक नाही, सबब तिचा नामोल्लेख करता येणार नाही.

"पडला त्याचं नाव घ्यायचं नाही," आर्खियास जेवताना म्हणाला, "धावली तिचं घ्यायचं नाही. राहिलं काय? पोट."

फिलिन्नाला हसू आलं, पण ती हसली नाही. तिने त्याच्यापुढे बार्लीची भाकरी, जैतुनाची फळं आणि कांदा सरकवला. शेवटचं कडवं तेवढं बाकी होतं. शेवट आपल्याला सुचलाय, तो म्हणाला, पण आत्ता सांगणार नाही. तू लगेच त्याचे पाय मोजायला बसशील. उद्या सांगीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी आर्खियास अंजिराच्या झाडाखाली आडवा झाला होता. ऊन कलल्यावर फिलिन्नाने त्याला उठवायला हाक मारली. मग जवळ जाऊन मारली. मग तिने हाक मारणं थांबवलं, आणि त्याच्या हातातली काठी हळूच काढून भिंतीला टेकवून ठेवली.

माणूस गेला की स्कीरात काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं. दारात पाण्याचं मडकं ठेवायचं, म्हणजे जाणारायेणारा हात धुऊन बाहेर पडेल. मृताला न्हाऊमाखू घालून खाटेवर निजवायचं, डोक्याला पाल्याचा मुकुट बांधायचा. बायकांनी त्याच्या उशाशी बसून त्याचं नाव घेऊन मोठ्याने रडायचं. आणि तिसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत त्याला तटाबाहेर न्यायचं. यांतलं रडणं सर्वांत महत्त्वाचं. नाव घेऊन हाक मारली नाही तर माणूस पलीकडच्या नदीपाशी जातो आणि काठावरच थांबून राहतो, बोलावणं आलंय की नाही या विचारात. फिलिन्नाने बरेच ग्रंथ वाचले होते आणि या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. पण बाबांना कुठे थांबवून ठेवलेलं आवडायचं नाही, हे तिला माहीत होतं.

शेजारच्या गोर्गोकाकू मडकं घेऊन आल्या. ते भरायच्या आत नगरसभेचा सचिव एउथिमोस दारात हजर झाला. गीत गाणाऱ्या मेळ्याचा प्रमुख लिकोन तालमीची वेळ विचारायला आला होता, त्यानेच जाऊन एउथिमोसला सांगितलं होतं. एउथिमोस हा सभ्य माणूस होता. त्याने आधी मडकं उचलून भिंतीआड ठेवलं आणि मग दुःख व्यक्त केलं.

"लिकोन म्हणतो, तुझे वडील गेले."

"हो."

"हे सोयीचं नाही," एउथिमोस खेदाने म्हणाला. मग त्याने अडचण समजावून सांगितली. परवा सकाळी पोलिक्सेनोसचं स्वागत. ज्या घराला सुतक, त्या घरातून निघालेली वस्तू देवापुढे चालत नाही. गीत याच घरातून निघालेलं. म्हणजे गीताला सुतक. गीत नाही तर स्वागत नाही, आणि ज्याचं स्वागत झालं नाही तो विजय स्कीरात झालेला धरत नाहीत. "आणि विजयच झाला नसेल," त्याने विचारलं, "तर आम्ही तट कशासाठी फोडला?"

तट खरोखरच फोडला होता. विजेत्याने वेशीतून आत यायचं म्हणजे भाजीवाल्यांच्या रांगेतून येण्यासारखं. म्हणून दर विजयाला तटाला नवं भगदाड पाडायची चाल होती, आणि ज्या नगरीत असे वीर आहेत तिला तटाची गरज काय, असं भाषण त्या वेळी व्हायचं. गेल्या काही वर्षांत विजय इतके झाले होते की गावात यायला वेशीपेक्षा तटच सोयीचा झाला होता.

"मग मी काय करायचं?" फिलिन्नाने विचारलं.

"तू काही करायचं नाहीस. उत्सव होईपर्यंत त्यांनी गेलेलं नसावं, एवढंच."

"ते गेलेत."

"गेले नाहीत असं समितीचं म्हणणं नाही," एउथिमोस शांतपणे म्हणाला. "समितीचं म्हणणं एवढंच आहे, की ते अजून गेलेले नाहीत."

त्याने बऱ्याच सवलती दिल्या. अंघोळ घालायला हरकत नव्हती. जिवंत माणसंही अंघोळ करतात. खाटेवर निजवायला आणि मुकुट घालायला हरकत नव्हती; मेजवानीत सगळे तसेच लोळतात. परवा पहाटे, सूर्य उगवायच्या आत, मुकाट्याने तटाबाहेर न्यायलाही हरकत नव्हती. कवी माणूस, पहाटे फिरायला गेला असेल. उत्सवात वेशी बंद असतात, तेव्हा नव्या भगदाडातून न्यावं. फक्त रडायचं नाही. काळं नेसायचं नाही, केस कापायचे नाहीत, नाव घेऊन हाक मारायची नाही. उत्सव संपला की हे सगळं थकबाकी म्हणून एकदम करून घेता येईल. संध्याकाळी बाजारचौकात दवंडी पिटली: कविवर्य आर्खियास रचनामग्न आहेत, त्यांना कुणीही हाक मारू नये.

गोर्गोकाकूंना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी आपल्या साठ वर्षांच्या आयुष्यात गल्लीतला एकही मृत कोरडा जाऊ दिला नव्हता. त्या संध्याकाळी दोघी मैत्रिणींना घेऊन आल्या आणि आतल्या खोलीत खाटेपाशी बसल्या. अंगणात मेळ्याची तालीम चालूच होती, कारण तालीम थांबवली असती तर लोकांना संशय आला असता. काकूंनी जरा वेळ ऐकलं, चाल ध्यानात घेतली आणि मग विजयगीताच्याच चालीवर, त्याच ठेक्यात, तिघींनी रडायला सुरुवात केली. तक्रार करायला जागाच नव्हती. नाव त्यांनी घेतलं नाही, नुसते सूर लावले. रस्त्याने जाणारे दोघं-तिघं थांबले आणि या वर्षी मेळ्यात जान आहे असं आपसांत बोलले. लिकोन मात्र आत डोकावून म्हणाला की काकू, जरा खालच्या पट्टीत रडा, तुमच्यापुढे माझी पोरं बेसूर वाटतात.

रडायची नाही ती फक्त फिलिन्ना. तिला चाल येत होती, सूरही होता. पण गाणं पाठ असलेल्या माणसाला त्याच्यावर रडता येत नाही. शब्द मध्ये येतात.

शेवटचं कडवं अजून बाकीच होतं. एउथिमोसने निरोप धाडला की कविवर्य रचनामग्न आहेत त्या अर्थी रचना पूर्ण होणं अपेक्षित आहे. फिलिन्नाने मग बाबांची काठी घेतली आणि झाडाभोवती फेऱ्या घालायला लागली. त्यांना काय शेवट सुचला होता ते तिला शेवटपर्यंत कळणार नव्हतं. म्हणून तिने त्यांना जे हवं होतं ते घातलं. सगळं गीत पोलिक्सेनोसचं, शेवटची ओळ मात्र घोडीची. 'थिएल्ला, तुझ्या पाठीवर कुणी नव्हतं, तरी तू धावलीस. थिएल्ला,' असा त्या ओळीचा अर्थ होता; नाव दोनदा. ओळ म्हणून झाल्यावर ती सवयीने थांबली. खोड काढणारं तिथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिक्सेनोस स्वतः आला. तो लठ्ठ, हसतमुख माणूस होता. आर्खियासबद्दल त्याला मनापासून आदर होता, कारण विकत घेतलेल्या सगळ्याच वस्तूंबद्दल त्याला तो असे. शेवटच्या कडव्यात घोडी आलीय असं लिकोनकडून त्याच्या कानावर गेलं होतं. खोलीच्या दाराला पडदा होता. फिलिन्ना पडद्याच्या आत, खाटेपाशी, माश्या वारत बसली होती. बाबा रचनामग्न आहेत, ती आतूनच म्हणाली, बोलणार नाहीत. त्यांनी बोललंच पाहिजे असं नाही, पोलिक्सेनोस म्हणाला, त्यांनी ऐकलं तरी पुरे, आणि बाहेर बाकड्यावर बसला.

"आर्खियास," तो पडद्याला म्हणाला, "घोडीचं नाव काढायचं. एवढंच सांगायला आलो."

आतून काही उत्तर आलं नाही.

"म्हणजे अगदी काढायचं असं नाही," पोलिक्सेनोस थोड्या वेळाने म्हणाला. "मधल्या कडव्यात कुठेतरी सरकवा. कुणाच्या लक्षात येणार नाही असं."

आत माशी घोंगावली. फिलिन्नाने ती हाकलली.

पोलिक्सेनोसला घाम फुटला. आजवर त्याने कित्येक सौदे केले होते, पण इतका कणखर माणूस पाहिला नव्हता. आर्खियास पूर्वी असा नव्हता. पूर्वी तो वाद घालायचा, दाखले द्यायचा, हातवारे करायचा, आणि अर्थातच हरायचा. आज तो चकार शब्द काढत नव्हता. पोलिक्सेनोस म्हणाला की बरं, शेवटी ठेवा, पण एकदाच. मग म्हणाला की दोनदा असेल तर दोनदा. मग त्याने आवाज खाली आणला, आणि त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं ते बोलला.

"खरं सांगू का, मी तिथे नव्हतोच. लोक मला विचारतात, वळण कसं घेतलंत. मी काय सांगणार? ती एकटी धावली. असू दे तिचं नाव. तुमचंच बरोबर आहे."

तो उठून गेला. फिलिन्नाने पदर तोंडावर दाबून धरला. हसायला बंदी नव्हती, पण हसता हसता दुसरंच काही बाहेर पडेल अशी तिला भीती होती. उभ्या आयुष्यात बाबांनी पहिल्यांदाच एका धनिकाविरुद्ध वाद जिंकला होता, आणि तो पाहायला ते नव्हते. तिने त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर तोच भाव होता, ओळ म्हणून झाल्यावर तिच्याकडे बघत तेव्हाचा.

मुकुटासाठी पाला गोर्गोकाकूंनी आणला होता, ओढ्याकाठची ताजी रानसेलरी. स्कीरात रानसेलरी दोनच ठिकाणी बांधतात. एक मृताच्या डोक्याला आणि थडग्याला. एखादा फार आजारी असला तर त्याला आता सेलरीच हवी असं लोक म्हणतात. आणि दुसरं, नेमेआत जिंकणाऱ्याच्या डोक्याला. असं का, हे कुणी विचारत नाही. पोलिक्सेनोसच्या डोक्यावर होता तो मुकुट नेमेआहून येईपर्यंत वाळून कोळ झाला होता. आर्खियासच्या डोक्यावरचा हिरवागार होता.

स्वागताच्या दिवशी पहाटे मेळ्यातल्या आठ जणांनी खाटेला खांदा दिला. बाकीचे मागून चालले, पांढऱ्या कपड्यांत, कारण परत येऊन त्यांना लगेच गायचं होतं. पुढे फिलिन्ना, शेजारी गोर्गोकाकू ओठ घट्ट मिटून. बेत नीट आखलेला होता. सूर्य उगवायच्या आत खाट भगदाडातून बाहेर जाईल, आणि सूर्य उगवल्यावर, त्यासाठी रात्रीच तटाबाहेर जाऊन राहिलेला पोलिक्सेनोस भगदाडातून आत येईल. पण पोलिक्सेनोसला त्याच्या वैद्याने उन्हात उभं राहायची मनाई केली होती. म्हणून त्याने मिरवणूक लवकर काढली. आत येणारा विजेता आणि बाहेर जाणारा कवी तटाच्या भगदाडात समोरासमोर आले.

दोघांनाही मागे वळणं शक्य नव्हतं. विजेत्याने तटातून माघार घेणं अपशकुन, आणि मृताने घराकडे परत जाणं त्याहून मोठा. सगळे थांबले. मिरवणुकीतल्या लोकांना अंधुक उजेडात दिसलं ते असं: नगरीचा कवी, नवे कपडे, डोक्याला नेमेआचा मुकुट, मेजवानीत लोळतात तसा खाटेवर लोळून, आठ तरण्या पोरांच्या खांद्यावर, विजेत्याला सामोरा आलेला.

मग पोलिक्सेनोसचे डोळे भरून आले. तो म्हणाला की आर्खियास, एवढा मान तुम्ही माझ्या बापालाही दिला नसता. झालं. लोक पुढे सरकले. कुणी म्हणालं, कविवर्य आज तेजस्वी दिसतात. कुणी म्हणालं, जरा वाळलेत. समितीच्या एका सदस्याने गेल्या वर्षीच्या गीतात दोन ओळी बऱ्या होत्या असं बोलून टाकलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा कवी किती विनयशील आहे म्हणून शेजाऱ्याला दाखवला. लोक एकमेकांना सांगू लागले की याचा खरं तर गैरसमज झाला होता. माणूस गर्विष्ठ नव्हता, अबोल होता.

एउथिमोस घामाघूम होऊन लिकोनच्या कानाशी लागला. कवी सामोरा आलाय म्हटल्यावर गीत इथेच झालं पाहिजे, आणि लवकर झालं पाहिजे. खाट खाली ठेवली. मेळा तिच्याभोवती उभा राहिला, जोडपावा वाजला, आणि लिकोनने पाय आपटून ठेका दिला.

फिलिन्नाने ते गीत तुकड्या-तुकड्यांनी शेकडो वेळा ऐकलं होतं, सबंध असं पहिल्यांदाच ऐकलं. समुद्रदेव आला, खारवलेला आजा देवाच्या मांडीवर जाऊन बसला, देवांच्या मत्सराबद्दलचा सुविचार आला. आणि तिसऱ्या कडव्यात घोडी वळणावर आली. गाणाऱ्यांचे पाय तिच्या पायांसारखे पडले, खांबाशी आवळले, पलीकडे मोकळे झाले. स्वार कुठेच नव्हता, त्याचं पडणंही नव्हतं. पण वळणानंतर ओळ एकदम इतकी हलकी झाली, की पाठीवरचं ओझं गेलंय हे बहिऱ्यालाही कळलं असतं. समितीच्या नियमाला धक्का न लावता म्हाताऱ्याने सगळं खरं सांगून टाकलं होतं. हे तिला त्याच दिवशी, पावटे सोलताना कळलं होतं.

शेवटचं कडवं सुरू झालं. मेळ्याने सूर चढवला आणि घोडीचं नाव घेतलं.

आता थिएल्ला मिरवणुकीत सर्वांत मागे, गळ्यात माळा घालून उभी होती. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण आपलं नाव कळत होतं. नाव घेतलं की यायचं हे तिला शिकवलेलं होतं. ती आली. मालकाला बाजूला सारून, समितीच्या मधून वाट काढत, थेट जिथून हाक आली तिथे, मेळ्याच्या मधोमध. दुसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा तिचं नाक खाटेपाशी होतं. समोर ओली, हिरवी, पहाटेची रानसेलरी होती. तिने कविवर्यांच्या डोक्यावरचा मुकुट हळूच ओढला आणि खायला सुरुवात केली.

कवी हलला नाही.

घोडी शांतपणे चावत होती. सूर्य वर आला होता. लोकांनी खाटेकडे पाहिलं, मग पांढऱ्या कपड्यांतल्या मेळ्याकडे, मग गोर्गोकाकूंच्या मिटलेल्या ओठांकडे, आणि एकेकाच्या लक्षात येत गेलं. पोलिक्सेनोस खाली बसला. आपण काल पडद्याआड कुणाशी बोललो, याचा तो हिशेब लावत असावा.

एउथिमोस फिलिन्नाजवळ धावत आला.

"पोरी, रडू नकोस. एक टिपूस पडलं तरी सगळं बाटलं, गीत, विजय, तट, सगळं. आज फक्त स्तुती चालते. बोलायचंच असेल तर स्तुती कर."

लोकांना वाट सापडली. ते एकदम बोलू लागले. असा कवी होणे नाही. तिसरं कडवं ऐकलंत का, अंगावर काटा आला. आम्ही तर नेहमीच म्हणायचो. मघाशी बऱ्या वाटलेल्या दोन ओळी आता अमर झाल्या. आता धोका उरला नव्हता. जिवंत माणसाला तुझं काम छान आहे म्हणायचं, म्हणजे जोखीम. न जाणो, त्याला खरं वाटायचं आणि उद्यापासून तो ताठ मानेने चालायचा. म्हणून शहाणी माणसं ते वाक्य जपून ठेवतात, खाट खांद्यावर येईपर्यंत. स्कीरात निदान ते सुतकाच्या नियमात बसवलेलं होतं. बाकीच्या गावांत ते नियमाशिवायच पाळलं जातं. ही गोष्ट वाचणाऱ्याच्या घरातही आत्ता पलीकडच्या खोलीत कुणीतरी बसलेलं असेल, आणि वाचणारा म्हणेल, एवढं पान संपू दे.

फिलिन्ना खाटेपाशी गेली. घोडीने तोंड बाजूला घेतलं. मुकुटातली एक काडी केसांत अडकून राहिली होती, ती तिने काढली आणि केस सारखे केले. मग ती मोठ्याने बोलली, आवाज नदीपलीकडे पोचायला हवा अशा बेताने.

"आर्खियास," तिने आधी नाव घेतलं. मग म्हणाली, "बाबा, घोडी लंगडत नव्हती. तेव्हाही नव्हती. छान झालंय."